मुंजाजीनं दिलेले डोळे

मला दिसत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी हळहळत बसायला नको. जन्मापासून दिसत नाही. पापण्या आहेत, आत डोळे नीट तयारच झाले नाहीत, म्हणून त्या कायम मिटलेल्या असतात. नाव राजनंदिनी, घरात नंदा. जवळा बाजारपासून चार किलोमीटरवर आमचं गाव. घरात माय, थोरला भाऊ विश्वंभर अन् मी. बाप मी नववीत असताना वारला. मी एम.ए. केलं अन् आता पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते.

काम काय, तर लोकांच्या वेबसाइटच्या चुका काढायच्या. लहानपणी सगळे म्हणायचे, ही पोरगी लई नावं ठेवती. आता त्याचाच पगार मिळतो. माझ्या फोनमध्ये अन् कॉम्प्युटरमध्ये स्क्रीन रीडर आहे. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते तो बाईच्या आवाजात वाचून दाखवतो. गल्लीतली लेकरं तिला 'नंदाताईची बाई' म्हणतात. ही बाई अक्षरं धडाधडा वाचते, पण फोटो आला की तिची बोबडी वळते. फोटो टाकणाऱ्यानं त्याच्या पाठीमागं वर्णन लिहून ठेवलेलं असेल तर ती ते वाचते. नसेल तर 'इमेज' म्हणून मोकळी होते, नाहीतर फाइलचं नाव वाचत सुटते, आयएमजी डॅश दोन शून्य दोन पाच... ऐकून ऐकून डोकं उठतं.

बरं, फोटोखालची ओळ वेगळी अन् फोटोचं वर्णन वेगळं, हे मी वर्षातून दोनशे वेळा तरी लिहून पाठवत असेन. खालची ओळ सगळ्यांना दिसते. कार्यक्रम कुठला, कुणाचा, ते त्यात असतं. वर्णन आमच्यासाठी असतं. कोण उभं आहे, कोण बसलंय, हातात हार आहे का नारळ, ते त्यात पाहिजे. आमचे लोक काय करतात, खालचीच ओळ उचलून वर्णनात चिकटवतात. मग बाई म्हणते, 'सत्कार करताना मान्यवर, सत्कार करताना मान्यवर.' अरे मान्यवर गेले उडत, फोटोत काय आहे ते सांगा की!

हे सगळं पुराण लावायचं कारण म्हणजे माझा बायोडाटा.

आमच्याकडं स्थळं आता व्हॉट्सॲपवर फिरतात. वर गणपती, खाली नाव, उंची, शिक्षण, मामाचं गाव, कोपऱ्यात पोरीचा फोटो, अन् हे सगळं मिळून एकच चित्र. आमच्या भागाच्या ग्रुपात सहाशे माणसं आहेत अन् रोज दहा-बारा चित्रं पडतात. माझी बाई प्रत्येक वेळी म्हणते, 'इमेज.' मीही त्या ग्रुपात आहे, पण कान देऊन ऐकण्यासारखं तिथं काही नसतं.

तर बाजाराच्या दिवशी विश्वंभरदादा मला जवळ्याला मुंजाजीच्या स्टुडिओत घेऊन गेला. मायनं हिरवी साडी नेसवून दिली होती. मुंजाजी सवयीनं म्हणाला, "ताई, इकडं बघा." बोलून गेला अन् एकदम गप झाला बिचारा. मी म्हटलं, "बोलत राहा मुंजाजीभाऊ, मी आवाजाकडं तोंड करते." तो हसला, मलाही हसू आलं, अन् तेवढ्यात फोटो निघाला.

दादानं तो फोटो लावून बायोडाटा ग्रुपात टाकला, अन् पंधरा दिवसांनी घरी आला तो उड्या मारतच. कळमनुरीचं स्थळ आलं होतं. पोराचं नाव स्वप्निल, खत-बियाण्याचं दुकान, माय-बाप लहानपणीच गेलेले, आत्यानं वाढवलेला. फोटो बघूनच पसंत केलं अन् रविवारी बघायला येऊन राहिलेत म्हणे.

"मला दिसत न्हाई हे ठाऊक हाय ना त्यायला?" मी विचारलं.

"समदं लिहिलंय बायोडाटात," दादा म्हणाला अन् लगेच गाडीला किक मारून निघून गेला.

बुधवारी दुपारी जेवता जेवता मला वाटलं, दुनियेच्या चुका काढते, आपला बायोडाटा तेवढा बिनतपासणीचा राहिला. फोनमध्ये आता एक सोय आहे. वर्णन नसलेलं चित्र दिलं की यंत्र स्वतःच अंदाज करून त्यात काय आहे ते सांगतं. चुकतंही. आमच्या म्हशीला एकदा त्यानं 'झाडाखाली उभी केलेली काळी मोटार' म्हटलं होतं. तरी लावून बघितलं.

बाईनं आधी अक्षरं वाचली. नाव बराबर, उंची बराबर, शिक्षण बराबर. अपेक्षा निर्व्यसनी, तेही बराबर. डोळ्यांविषयी चकार शब्द नाही. मग फोटोचं वर्णन आलं: "हिरव्या साडीतील तरुणी कॅमेऱ्याकडे पाहून हसत आहे."

पाहून? भाकरीचा तुकडा हातातच राहिला. यंत्राला विचारलं, डोळे कसे आहेत? ते म्हणालं, "तरुणीचे दोन्ही डोळे उघडे असून मोठे आणि काळे आहेत."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं म्हणतात. मी तर एकही मागितला नव्हता.

पण म्हशीला मोटार म्हणणाऱ्या यंत्रावर मी घर पेटवणार नव्हते. चुलतबहीण पुजा दोन घरं सोडून राहते, तिला हाक मारली. फोन तिच्या हातात दिला अन् म्हटलं, "ह्या फोटोत काय हाय ते सांग." दुसरं काही बोलले नाही, कारण आपणच उत्तर सुचवलं की माणूस तेच म्हणतं.  पुजा हळूच म्हणाली, "ताई, तुला कुणी सांगितलं?"

झालं. म्हणजे पुजाला ठाऊक, तिच्या मायला ठाऊक, सहाशे माणसांनी माझे डोळे बघून घेतले, अन् ज्या बाईच्या तोंडावर ते लावले तिलाच पत्ता नाही! मला भयंकर राग आला. रागापेक्षाही वाईट म्हणजे रडू यायला लागलं, अन् मला रडायचं नव्हतं.

माय ओसरीवर सुपात तुरी पाखडत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले.

"माय, मुंजाजीला फोटोत डोळे काढायला कुणी सांगितलं?"

सूप थांबलं. तेवढ्यात दादा बाहेरून आला अन् "कसले डोळे?" म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही. त्याचा आवाज लगेच पातळ होतो.

"मी सांगितलं," माय म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची असती, पोरी."

"अन् रविवारी मूठ उघडल्यावर?"

त्याचीही तयारी झाली होती. रविवारी मला काळा चष्मा लावायचा अन् पाहुण्यांना सांगायचं, गावात डोळ्याची साथ आलीय, पोरीचे डोळे सुजलेत. मी ऐकतच राहिले. दोन शहाण्या माणसांनी बसून हा विचार केला होता.

"अन् लग्नानंतर? साथ किती वरीस चालणार, दादा?"

दादा म्हणाला, "एकदा अक्षता पडल्या की माणसं निभावून नेतात."

"मला काय निभावून न्यायचंय? मी काय बिघडलेली मोटर हाय का?"

मग माय बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "आधी चार ठिकाणी खरं लिहून धाडलं, नंदा. एकाचा फोन आला न्हाई. एकानं फोन करून इचारलं, धाकटी हाय का. मी काय जन्माला पुरणार हाय का? उद्या भावजय येईल, ती चांगली निघंल का वाईट कुणाला ठावं. तू एकटी पडशील, ह्या भेवानं माझी झोप उडलीय. लोकायनं एकदा घरात येऊन तुला बघावं, तुझ्याशी बोलावं, एवढंच मला पायजे होतं."

तिचं सगळंच खोटं नव्हतं. मी तिचा हात धरला. तो तुरीच्या भुशानं खरबरीत झाला होता. "माय," मी म्हटलं, "त्या फोटोला जो हो म्हणला तो मला हो म्हणला न्हाई. ती दुसरीच बाई हाय. तिचं लग्न मी काहून करू?"

मायनं हात काढून घेतला नाही, पण हो पण म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुंजाजीला फोन लावला. "ताई, काकूनं हात जोडले हो," तो आधीच गयावया करायला लागला. मी म्हटलं, असू द्या, मूळ फोटो तेवढा पाठवा. पाठवला. स्वप्निलचा नंबर त्याच्या बायोडाटात होता. मी फोटो टाकला अन् खाली लिहिलं:

'मी राजनंदिनी. हा माझा खरा फोटो आहे. यात हिरव्या साडीतली मुलगी हसते आहे, तिचे डोळे मिटलेले आहेत आणि ते उघडत नाहीत. मला जन्मापासून दिसत नाही. आधीच्या फोटोतले डोळे स्टुडिओत रंगवलेले होते, मला न विचारता. हे वाचून यायचं असेल तर या. नसेल यायचं तर राग नाही.'

पाठवताना अंगठा जरा थांबला, नाही म्हणत नाही. सत्ताविसावं लागलं होतं अन् घरात पहिल्यांदाच पाहुणे येणार होते. पण पाठवला.

तासाभरानं उत्तर आलं. बाईनं वाचलं: "वाचलं. माझी काही हरकत नाही. रविवारी येतो."

खोटं कशाला बोलू, बाईला ते मी तीनदा वाचायला लावलं. काम करता करता मधेच हसू यायचं. अशी माणसं असतात तर, असं वाटलं. घरात सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "बघ, म्हणलं होतं का न्हाई, लिहिलंय म्हणून!" मी त्याला उशी फेकून मारली. नेम बराबर लागला. मायचा मात्र विश्वास बसेना. तिनं तो निरोप पुजाकडून पुन्हा वाचून घेतला, अन् मग शनिवारी दिवसभर घर सारवल्यासारखं पुसत बसली.

रविवारी अकराच्या सुमाराला जीप दारात थांबली. स्वप्निल अन् त्याची आत्या भिकाबाई, दोघंच. आत्याच्या बांगड्यांचा आवाज भारदस्त, बोलणं त्याहून. स्वप्निलचा आवाज चांगला होता. "नमस्कार" म्हणाला, तो आवाज मला आवडला, हेही सांगून टाकते. मी चष्मा लावला नव्हता. खाली मान घालून, ट्रे धरून, चार पावलं मोजून चहा नेऊन ठेवला, एक थेंब सांडला नाही.

आता आमच्याकडं पोरगी बघायची एक रीत आहे. जुन्या बाया पोरीला काहीतरी करून दाखवायला लावतात. चालून दाखव, सुईत दोरा ओवून दाखव, दोन ओळी वाचून दाखव. पोरगी लंगडत नाही ना, तोतरी नाही ना, ते असं कळतं. भिकाबाई त्या जुन्यांतल्याच. चहा पिऊन झाला अन् माझ्या मांडीवर त्यांनी पेपर ठेवला.

"लाजायलीस किती, डोळे तर वर कर. एम.ए. झालीस म्हणे. वाच बरं दोन वळी."

मी पेपरवर हात ठेवून बसले. पहिल्यांदा मला काही कळलंच नाही. मग कळलं. आत्याला ठाऊक नव्हतं. स्वप्निलनं सांगितलंच नव्हतं.

मी बोलू शकत होते. माझ्या तोंडाला काय झालं होतं? पण मी माझं सांगून चुकले होते, स्वच्छ अक्षरात. आता पाळी दुसऱ्याची होती. मी स्वप्निलच्या दिशेला तोंड केलं अन् थांबले. तिकडून कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला, बाकी काही नाही. दादानं घसा खाकरला. "आत्याबाई, त्याचं काय झालं, गावात डोळ्याची साथ—"

"गप, विश्वंभर," माय म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. पाटल्यांच्या आवाजावरून कळलं. "आत्याबाई, माझ्या पोरीला दिसत न्हाई. जन्मापासून. फोटोतले डोळे मी लावून घेतले स्टुडिओवाल्याकडून. पोरीचा त्यात दोष न्हाई. तिनं तुमच्या पोराला तीन दिवस आधीच खरं कळवलं."

"स्वप्निल?" भिकाबाईंचा आवाज असा आला की मीच सरळ बसले.

"मला ठाऊक होतं आत्या. नंतर सांगणार होतो."

"कवा? नातू झाल्यावर?"

मला वाटलं, आता ह्या पदर झटकून निघतात. पण बाई वेगळी निघाली. माझ्याकडं सरकून बसली अन् एकेक विचारायला लागली. चहा कुणी केला? मी. भाकऱ्या थापता येतात का? येतात, चुलीवर नाही, गॅसवर. कामाचं काय करतेस? सांगितलं. दोन-चार प्रश्न तर असे नेमके विचारले की पुण्याच्या साहेबांनी विचारले नव्हते. शेवटी म्हणाली, "पोरगी हुशार हाय. मला फसवलेलं आवडत न्हाई, पण पोरीनं फसवलं न्हाई. स्वप्निल, तुझं काय म्हणणं?"

 मायनं जे होणारच नाही असं धरलं होतं ते होत आलं होतं.

"माझं व्हय हाय, आत्या," स्वप्निल म्हणाला. खूश झाला होता, एकदम मोकळा. "अन् लोकायचं टेन्शन घेऊ नको. साखरपुड्याला काळा गॉगल लावू, आता फॅशनच हाय. आल्बममध्ये तर स्टुडिओवाला डोळे टाकूनच देतो, किती भारी टाकले बघितलं ना? पाव्हण्यांना पत्ता बी लागणार न्हाई."

मायेनंच बोलत होता तो. तेच वाईट होतं.

"मग आमचं व्हय समजा," भिकाबाई म्हणाल्या.

सगळे माझ्याकडं बघत असणार. मी पेपरची घडी घातली अन् त्यांच्या हातात परत दिली.

"माझं न्हाई," मी म्हटलं.

"काहून?" हे स्वप्निल.

"तुमाला मी चालते, पण झाकून. मी मांडवात अशीच उभी राहणार, हेच तोंड घेऊन, अन् आल्बममध्ये बी हेच तोंड पायजे. तुमाला त्याची लाज वाटती. तुमी आत्याला सांगू शकला न्हाईत, गावाला काय सांगणार? जन्मभर मी कुणाच्या गॉगलमागं बसून ऱ्हाणार न्हाई. तुमी माणूस वाईट न्हाई. पण माझं न्हाई."

 भिकाबाई मायकडं वळल्या. "शकुबाई, पोरीला समजवा. असं स्थळ पुन्यांदा दारात यायचं न्हाई, तुमाला बी ठाऊक हाय."

खरं तर हेच मायचं भेव होतं. झोप उडवणारं भेव. तेच शब्द ती स्वतःशी किती वेळा बोलली असेल. ती आता "बाई, ऐक" म्हणाली असती तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

माय म्हणाली, "न्हाई आलं तर न्हाई. पोरीचं न्हाई, तर आमचं बी न्हाई. पोहे खाऊन जा."

भिकाबाईंनी पोहे खाल्ले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला अन् भाच्याला जीपमध्ये बसेपर्यंत बोलत होत्या, ते सगळं आम्हाला ऐकू आलं. दादा त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला गेला.

ओसरीवर आम्ही दोघी राहिलो. माय बराच वेळ पदरानं नाक पुसत होती. मी म्हटलं, "माय, रागावली का?" ती म्हणाली, "फोन आण तुझा. त्या ग्रुपात खरा फोटो टाक. लिही तू, मी सांगते."

मी फोटो काढला अन् फोन तिच्या हातात दिला. "खालची ओळ मी लिहीन. तू फोटोत काय दिसतंय ते सांग."

तिनं फोन लांब धरला असावा, तिला जवळचं कमी दिसतं. "हिरवी साडी," ती म्हणाली. मी तेच शब्द फोनला सांगत गेले, तो टाइप करत गेला. "पदर डाव्या खांद्यावरून. तोंडावर हसू. डोळे मिटलेले."  मग म्हणाली, "कुणापुढं मान खाली न घालणारी पोरगी हाय. लिही."

"माय, तसं न्हाई लिहायचं. फोटोत जे दिसतं तेवढंच लिहायचं असतं."

"मला दिसून राहिलं ना," माय म्हणाली. "तू लिही."

मी लिहिलं, अन् सहाशे माणसांना पाठवून दिलं.